घणाचा दुसरा ठोका

बाई सगळ्यांना अहोजाहो करायच्या. संस्थेच्या चेअरमनना करायच्या तसंच चहा आणून देणाऱ्याला, आणि वर्कशॉपच्या दारात आडवं पडून राहणाऱ्या लंगड्या कुत्र्यालासुद्धा. "अहो, जरा सरका, पाय पडेल माझा," असं म्हणून त्या एक पाय उचलून थांबायच्या. कुत्रं एक डोळा उघडून बघायचं आणि सरकायचं. आम्ही ओरडलो तर हलायचंही नाही.

मी भूगर्भशास्त्रात बी.एस्सी. करून नुकताच संस्थेत लागलो होतो. कळंबची आमची सहकारी संस्था मुळात खत आणि बियाणं विकणारी. ऐंशी सालानंतर ओळीनं कोरडी वर्षं आली, विहिरींचे तळ दिसायला लागले, तेव्हा सभासदच सभेत उठून म्हणाले की खत टाकायचं कशाच्या जिवावर, आधी पाण्याचं बघा. मग संस्थेनं बोअर मारायची गाडी घेतली. गाडी भोक पाडायची, पण ते कुठं पाडायचं हे तिला कळत नव्हतं. त्यासाठी पुण्याहून एक यंत्र आलं आणि यंत्राबरोबर बाई आल्या. यंत्र सुरू करून द्यायचं आणि परत जायचं, असं ठरलं होतं. बाई परत गेल्या नाहीत.

त्या मूळच्या आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यातल्या. बौद्ध घरातल्या. वडील तहसील कचेरीत शिपाई. पोरीनं शिकायचं, आणि असं काहीतरी शिकायचं की जे आपल्या साहेबालासुद्धा समजणार नाही, असा त्यांचा हट्ट. बाईंनी तो पुरा केला. इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअर झाल्या, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लागल्या, आणि जमिनीतली थरथर मोजणाऱ्या त्या यंत्राचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला. चाळिशीच्या जवळपास होत्या. सुती पाचवारी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला.

यंत्र उघडून काही तपासायचं असलं की त्यांचा डावा हात आपोआप पाठीमागं जायचा. एका हातानं काम केलं तर विजेला छातीतून जायला वाट मिळत नाही, हे त्यांना कुणीतरी व्हॉल्व्हच्या रेडिओच्या काळात शिकवलेलं. आमचं यंत्र जीपच्या बॅटरीवर चालायचं, त्यात मुंगीलाही झटका बसला नसता. पण सवय गेली नव्हती. बाजारात वांगीसुद्धा त्या डावा हात पाठीशी धरूनच निवडायच्या. भाजीवाल्या त्यांना दुरून ओळखायच्या.

आणि त्यांच्यासमोर 'वाटतं' म्हणायची सोय नव्हती.

"बॅटरी उतरलीय वाटतं," असं कुणी म्हटलं की बाई मान वर न करता विचारायच्या, "बघितलं, का वाटलं?"

एकदा मी सहज म्हणालो, "लातूरची एस.टी. गेली वाटतं."

"बघितलं, का वाटलं?"

"वाटलं."

"मग बघून या."

मी चिडून स्टँडवर गेलो. गाडी उभी होती. परत येऊन सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. आता तुम्हाला माहीत आहे." आणि पुन्हा कामाला लागल्या.

यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाईंची गोष्ट त्याच्यावाचून पुरी होत नाही. जमिनीवर एक लोखंडी प्लेट ठेवायची आणि तिच्यावर घण मारायचा. घणाचा हादरा जमिनीतून पसरतो. थोड्या थोड्या अंतरावर जमिनीत खुंटीसारखी सेन्सरं रोवलेली असत, त्यांना आम्ही 'कान' म्हणायचो. हादरा कुठल्या कानाला किती वेळानं पोचला हे पेटीतला प्रोसेसर मोजायचा. कठीण खडकातून हादरा पळत येतो, फुटक्या, पाणी धरणाऱ्या खडकातून रेंगाळत. त्यावरून खाली काय आहे याचा अंदाज मी बांधायचो. मोजणी कधी सुरू करायची, हे प्रोसेसरला कळावं म्हणून घणाच्या दांड्याला एक स्विच बांधलेला होता. घण आपटला की स्विच मिटायचा आणि घड्याळ शून्यापासून सुरू व्हायचं.

घण मारायचं काम दस्तगीरचं. हा गडी एवढा दांडगा होता की त्याच्या घावानं प्लेटच्या आजूबाजूची माती उडायची. बाई त्याला म्हणायच्या, "दस्तगीरसाहेब, सावकाश. आपल्याला जमिनीचं ऐकायचंय, तिला मारायचं न्हाय."

या यंत्रानं पहिला मोठा दगा दिला तो लोहाऱ्याकडच्या एका गावात.

गाव लहान. विहिरी आटलेल्या, टँकरवर दिवस काढणं चाललेलं. टँकर चौकात थांबायचा. तिथं गावातल्या बायका आधी भरायच्या, आणि ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतल्या बायका कळशा घेऊन बाजूला थांबायच्या, शेवटी उरेल ते घ्यायला. कुणी त्यांना थांबा म्हणत नव्हतं. त्या थांबायच्या.

गावाच्या वाट्याला एकच बोअर होता. आम्ही चौकात मोजलं, माळावर मोजलं, आणि ओढा ओलांडून वस्तीतही मोजलं. वस्तीतली जमीन गोट्यांची, घण मारला की ठणठण वाजायची. तिथं आकडे चमत्कारिक यायला लागले. एकाच जागी, एकाच कानाला, एका घावाला एक वेळ आणि पुढच्या घावाला भलतीच कमी. यंत्र अशा सगळ्या घावांची बेरीज करून सरासरी काढायचं. सरासरी म्हणत होती, अगदी वरच कठीण खडक आहे, इथं काही नाही.

आम्ही जिथं प्लेट ठेवली होती ते अंगण सखूबाईचं. साठीची, वाळकी, पण आवाज खणखणीत. तिनं बाईंना विचारलं, "पोरी, हाय का हितं?"

बाईंनी हातातला कागद पुन्हा बघितला. "यंत्र न्हाय म्हणतंय, मावशी."

"यंत्र बी न्हाय म्हणलं का," सखूबाई म्हणाली, आणि घरात निघून गेली.

बाईंनी चेअरमनना निरोप धाडला की आकडे जुळत नाहीत, थोडं थांबा. पण गाडी दारात येऊन उभी होती, गाव जमलेलं, सरपंच घाई करत होते. त्यातल्या त्यात चौक बरा दिसत होता. चौकात बोअर मारला. पांढरी धूळ उडत राहिली, गाडीच्या नळ्या संपत आल्या, पाणी लागलं नाही. लोक एकेक करून घरी गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

परतताना जीपमध्ये बाई एकच वाक्य बोलल्या. "त्या अंगणात आकडे का जुळले न्हाईत, हे कळल्याशिवाय मी दुसऱ्या गावाला जाणार न्हाय."

कळंबला आल्यावर आधी तर चूक सापडेचना. वर्कशॉपच्या मागच्या मऊ मातीत दस्तगीर घण मारायचा आणि यंत्र शहाण्यासारखं वागायचं. बाईंनी गरम हवेचा संशय घेतला, धुळीचा घेतला, डाग दिलेले सगळे जोड एकेक करून पाहिले. शेवटी गोदामापुढच्या दगडी फरशीवर प्लेट ठेवली, आणि तिथं यंत्र बिघडलं. बाईंना केवढा आनंद झाला! "आलं! आलं!" म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. बिघाड झाल्यावर टाळ्या वाजवणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आता आत काय घडतंय ते बघायचं होतं. प्रोसेसर काम करतो त्या वेगात त्याच्याकडं नुसतं बघून काही कळत नाही. म्हणून बाईंनी प्रोग्रॅममध्ये जागोजागी एकेक ओळ घातली: इथं आलास की कागदावर छापून सांग. घाव कळला की छाप, मोजणी सुरू केलीस की छाप, हादरा आला की छाप. यंत्राला चालता चालता बोलायला लावलं.

हे लिहायला सोपं आहे. प्रत्येक बदलाला प्रोग्रॅमची चिप पुसून नव्यानं भरावी लागायची. चिपा पुसायचा खास दिवा आमच्याकडं होता, तो पहिल्याच महिन्यात गेला. नवा यायला वेळ लागणार होता. बाई म्हणाल्या, दिव्यात असतात तेच अतिनील किरण उन्हात असतात, थोडे कमी असतात एवढंच. आणि कळंबला उन्हाचा दुष्काळ न्हाय. किरण आत जायला चिपांना काचेच्या बारीक खिडक्या असतात, त्या वरच्या बाजूला ठेवून त्यांनी चिपा घरमालकीण काकूंच्या गच्चीवर, सांडग्यांशेजारी ताटात मांडल्या. चिपांना दोन्ही बाजूंनी पाय असतात. काकूंनी वर जाऊन बघितलं आणि खाली येऊन गंभीरपणे विचारलं, "बाई, ते किडे वाळल्यावर तळायचे, का तसेच?"

"तसेच," बाई म्हणाल्या. "पण चिमण्यांना टिपू देऊ नका, काकू. एकेक पुण्यासनं आलाय."

काकू रोज सांडग्यांबरोबर चिपाही राखायला लागल्या. कित्येक दिवसांच्या उन्हानंतर एक ताट पुसलं जायचं.

बोलकी चिप तयार झाली. बाईंनी ती बसवली, दस्तगीरनं फरशीवर घण मारला, आणि यंत्रानं कर्रकर्र करत सगळं नीट छापून दाखवलं. चूक नाही. पुन्हा मारला. चूक नाही. दुपारभर मारला. आकडे मोत्यासारखे सारखे.

बाईंनी छापायच्या ओळी नसलेली जुनी चिप बसवली. तिसऱ्या घावाला चूक हजर.

बोलकी बसवली, चूक गायब.

दस्तगीर घणावर हनुवटी टेकून म्हणाला, "बाई, हे यंत्र तुमच्याफुडं लाजतंय. तुमी बघताय म्हनलं की नीट वागतंय."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "बरोबर बोललात," त्या म्हणाल्या, आणि डावा हात पाठीशी धरून फरशीवर येरझाऱ्या घालायला लागल्या.

ही बातमी चेअरमनपर्यंत पोचली. चेअरमन वाईट माणूस नव्हता. गावागावांतून निरोप येत होते आणि त्यांना उत्तर द्यायला तोच होता. तो वर्कशॉपमध्ये आला, स्टुलावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाई, छापलं की यंत्र बरोबर चालतंय, असंच ना?"

"चूक दिसत न्हाय."

"मग छापू द्या की त्याला! कागद जास्त लागंल, लागू द्या. उद्यापासनं कामाला लागा. लोक तिकडं घोटाघोटाला मोताद झाल्यात आणि आपण हितं कोडी सोडवत बसलोय."

बाईंनी त्याच्यासमोर दुसरं स्टूल ओढलं. "चेअरमनसाहेब, एखादा माणूस जिन्यावरनं पडतोय. का पडतोय ते बघायला मी त्याला सांगितलं, प्रत्येक पायरीवर थांब आणि पायरीचं नाव घे. तो पडला न्हाय. म्हणजे जिना दुरुस्त झाला का?"

"नाव घेत उतरू द्या त्याला."

"छापण्यात गुंतलं की यंत्र दुसरं काहीतरी चुकवतंय. आज ते चुकवतंय म्हणून आकडा बरोबर येतोय. उद्या कानाचा हादराच चुकवंल. मग मी कुठल्या गावात कुठं बोट दाखवू? एका गावाचा बोअर मी कोरडा घालवलाय. दुसऱ्याचा घालवायचा तर मला दुसरं माणूस बघा."

चेअरमननं टोपी उचलून डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "किती दिवस?"

"माहीत न्हाय."

"अंदाज सांगा की."

"अंदाज मी सांगत न्हाय."

तो उठून गेला. जाताना दारातल्या कुत्र्याला ओलांडून गेला, ते हललं नाही.

बाईंचं हे वागणं मला तेव्हा ताठा वाटलं होतं. पुढं काही वर्षांनी बाई बंगळूरला गेल्या, मी कॉलेजात शिकवायला लागलो. आता मुलं प्रयोगाचे आकडे आणून दाखवतात तेव्हा जे आकडे फार सारखे असतात त्यांच्याकडं मी जास्त वेळ बघतो. ते मी बाईंकडून शिकलो.

त्यांनी उपाय काढला तो असा. यंत्रानं बोलायचं नाही, नुसती खूण टाकायची. घाव कळला की स्मृतीच्या एका कोपऱ्यात 'एक' लिहून ठेवायचा, मोजणी सुरू केली की 'दोन', हादरा आला की 'तीन'. एक आकडा टाकायला प्रोसेसरला काही वेळ लागत नाही, त्याच्या चालण्यात फरक पडत नाही. सगळं संपून तो निवांत झाला की मग त्यानं साठवलेल्या खुणा एकदम छापायच्या. "चालताना कुणाला हाक मारायची न्हाय," बाईंनी मला समजावलं. "खिशात एकेक चिंचोका टाकत जायचा. मुक्कामाला पोचल्यावर खिसा उपडा करायचा."

पुन्हा चिपा गच्चीवर गेल्या. पुन्हा काकूंची राखण. नंतर एका सकाळी नवी चिप बसली, दस्तगीरनं फरशीवर घण उचलला. पहिल्या घावाचा कागद आला: एक, दोन, तीन. ठीक. दुसऱ्याचा: एक, दोन, तीन. बाई प्रत्येक कागद फाडून ओळीनं फरशीवर मांडत होत्या, वर खडे ठेवत होत्या.

मग एक कागद आला: एक, दोन, एक, दोन, तीन.

बाईंनी तो हातात घेतला. दस्तगीरकडं बघितलं. "दस्तगीरसाहेब, तुम्ही आत्ता दोनदा मारलात?"

"न्हाय बाई. एकदाच. हे काय, साहेब बी हायत हितं," माझ्याकडं बोट करून तो म्हणाला.

"मग हा दुसरा एक कुणाचा?"

बाईंनी पदर खोचला आणि सगळ्यांदेखत त्या दगडी फरशीवर पालथ्या झोपल्या. गाल फरशीला टेकवला, डोळे प्लेटच्या पातळीला आणले. "मारा."

"बाई, लागंल की तुमाला."

"मारा हो!"

दस्तगीरनं मारला. "परत." परत मारला. गोदामातले हमाल पोती सोडून बघायला आले. बाई तशाच पडून होत्या, केसांत धूळ, एक डोळा मिटलेला.

"उडतोय!" त्या एकदम ओरडल्या. "घण उडतोय! परत आपटतोय! या, या, सगळे बघा. वाटून घेऊ नका, बघा!"

आम्ही सगळे ओळीनं फरशीवर पालथे पडलो. दस्तगीरनं घण मारला, आणि खरंच दिसलं. घण प्लेटवर पडायचा, दोराभर उचलला जायचा आणि पुन्हा टेकायचा. पापणी लवायच्या आत. कानाला एकच ठोका ऐकू यायचा, पण स्विच दोनदा मिटायचा. दुसरा ठोका पडला की यंत्राला वाटायचं नवा घाव आला, आणि ते घड्याळ पुन्हा शून्यावर आणायचं. हादरा मात्र पहिल्या घावाचा. म्हणून वेळ कमी भरायची, आणि कमी वेळ म्हणजे कठीण खडक. मऊ मातीत घण उडत नव्हता, म्हणून चौकात सगळं ठीक. गोट्यांच्या जमिनीवर उडायचा. आणि यंत्र छापत असलं की त्याला दुसरा ठोका ऐकायला सवडच नसायची. म्हणून ते बाईंपुढं लाजत होतं.

दुरुस्ती अगदी थोडी होती. पहिला घाव कळला की हादरा येईपर्यंत घणाकडं कान द्यायचा नाही. चिप भरून बाईंनी ती बसवली आणि मला म्हणाल्या, "सखूबाईंच्या अंगणात जायचं."

चेअरमनना हे पटेना. पुढच्या गावांची रांग लागली होती. "तिथं बोअर मारून झालाय, बाई. त्यांचा नंबर संपला. तिथला विषय मिटला."

"विषय कसा मिटला? त्यांना अजून पाणी न्हाय."

चेअरमननं माझ्याकडं बघितलं, दस्तगीरकडं बघितलं. मग म्हणाला, "न्या गाडी. सभेत मला शिव्या बसल्या तर तुमी शेजारी उभं ऱ्हायचं." बाई म्हणाल्या, "राहीन."

गावात जीप शिरली तेव्हा लोक जमले खरे, पण जवळ आले नाहीत. बाई चौकात, त्या कोरड्या बोअरच्या शेजारी उभ्या राहिल्या. "मागच्या खेपेला यंत्र चुकलं," त्या म्हणाल्या. "त्याचा प्रोग्रॅम मी लिहिलाय, म्हणून चूक माझी. ती आता सापडलीय. तुमची हरकत नसंल तर मी सगळीकडं परत मोजते."

असं कुणी येऊन सांगेल, हे लोकांना अपेक्षित नव्हतं. सरपंच म्हणाले, "मोजा. मोजायला काय जातंय."

आम्ही चौक मोजला, माळ मोजला, ओढा ओलांडला. सखूबाईच्या अंगणात दस्तगीरनं घण मारला. घण ठणठणला, उडाला, पण आकडे या वेळी जागचे हलले नाहीत. मी कागदावर रेघा मारल्या, पुन्हा तपासल्या. वरचा गोट्यांचा थर पातळ होता, आणि त्याच्याखाली फुटका खडक खोलवर गेलेला. गावात दुसरीकडं कुठंच एवढा नव्हता. मी कागद बाईंच्या हातात दिला.

"इथं," बाई म्हणाल्या.

गर्दीत कुजबूज झाली. सरपंच पुढं आले. "अगुदर चौक म्हनालात. आता वस्ती. बाई, यंत्र कुणाच्या बाजूचं हाय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई तिकडच्याच हायत न्हवं."

ते सगळ्यांना ऐकू गेलं. सखूबाई दारात उभी होती, तिनं मान फिरवली. दस्तगीरचा हात घणावर घट्ट झाला. बाईंचा चेहरा उतरल्याचं मी पाहिलं, पण त्यांचा आवाज तोच होता.

"सरपंचसाहेब, घण घ्या. तुम्ही मारा."

"म्या?"

"इथं मारा, मग चौकात जाऊन मारा. मी यंत्राला हात लावत न्हाय, हे साहेब लावतील. कागद तुम्ही फाडा आणि आकडा तुम्हीच मोठ्यानं वाचा. आकडा जास्त आला म्हणजे हादरा रेंगाळला, खाली फुटका खडक आहे. कमी आला म्हणजे न्हाय. जिथं जास्त येईल तिथं मारू."

सरपंचांनी फेटा सारखा केला आणि घण घेतला. माणूस शेतकरी, हात तयार होता. अंगणात मारला, कागद फाडला, वाचला. मग गर्दी सगळी त्यांच्यामागं ओढा ओलांडून चौकात. तिथं मारला, वाचला. आकडा निम्म्यावर आला. त्यांनी पुन्हा मारला, जरा जोरानं. तोच आकडा. तिसऱ्यांदा मारला. मग घण खाली ठेवून ते कागदाकडं नुसते बघत उभे राहिले. घाम पुसला आणि म्हणाले, "मारा मग वस्तीत. पाणी लागल्याशी मतलब."

गाडी ओढ्यात रुतली, ती लोकांनीच ढकलून वर काढली. वस्तीतले आणि गावातले, दोन्ही. बोअर सुरू झाला. आधी लाल धूळ, मग करडी. नळीमागून नळी आत जात होती आणि धूळ उडत होती. चौकात जसं झालं तसंच सगळं. बाई यंत्राच्या वायरी गुंडाळत बसल्या होत्या, एकदाही वर बघत नव्हत्या. दस्तगीर पुटपुटत होता, दुवा मागत असावा.

मग धूळ बसली. उडायचीच थांबली. गाडीचा आवाज जड झाला, भोकातून चिखलाचे गोळे यायला लागले, आणि एकदम गढूळ पाण्याचा फवारा माणसाच्या डोक्यावरून वर गेला. पोरं ओरडत त्याच्यात घुसली. बायका पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या, काही रडत होत्या. गाडीवाला हवा मारत राहिला तसं पाणी निवळत गेलं. सखूबाईनं हंडा आणला आणि पहिलं नितळ पाणी भरून घेतलं.

सरपंचांनी गावातून हार मागवला. हार आला तर बाई सापडेनात. मी शोधत गेलो. जीपच्या सावलीत, गुंडाळलेल्या वायरींवर डोकं ठेवून त्या गाढ झोपल्या होत्या. बूट काढून बाजूला ठेवलेले. इतक्या आठवड्यांत मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मी हाक मारणार, तेवढ्यात सखूबाई आडवी आली. "निजू द्या लेकराला," ती म्हणाली. हार घेऊन आलेल्या सरपंचांनाही तिनं हातानंच थांबवलं.

सरपंच घुटमळले. परत जावं तर हार हातात. मग ते मुकाट्यानं सखूबाईच्या अंगणात येऊन ओट्याच्या कडेला बसले आणि बाई जाग्या व्हायची वाट बघायला लागले. ऊन रणरणत होतं. मागं गर्दी उभी होती, गावातली आणि वस्तीतली.

सखूबाई आत गेली आणि हंड्यातलं पाणी तांब्यात घेऊन बाहेर आली. तांब्या तिनं सरपंचांसमोर धरला.

त्यांनी हार मांडीवर ठेवला, तांब्या घेतला, आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.